कसुरीचा तपशील: गाडी धूर सोडत नाही

खरं सांगा, सरकारी खिडकीतून आलेल्या कागदावर सही करताना वरचा मजकूर तुम्ही कधी वाचलाय? अख्खा? शेवटच्या ओळीपर्यंत? नाही ना! मागचा माणूस पाठीला टेकलेला असतो, खिडकीतला माणूस बोटाने "इथं, इथं" करत असतो, आणि आपण वाकून सही ठोकतो. एरवी भाजी घेताना चारदा उलटीपालटी करून बघणारी माणसं आपण, आणि स्वतःचं नाव मात्र डोळे मिटून कुठंही खरडतो.

क्लचताईने वाचला. तिथूनच सगळं रामायण सुरू झालं.

क्लचताई म्हणजे बायकांना मोटार चालवायला शिकवणारी बाई. वय पंचावन्न, उंची बेताची, आवाज मात्र दोन गल्ल्या ओलांडून जाणारा. बावीस वर्षं एका जुन्या निळ्या गाडीत डाव्या सीटवर बसून ती एकच मंत्र ओरडत आली: "क्लच दाब! क्लच! अगं क्लच!" नाव त्यावरूनच पडलं. नर्सा, शिंपिणी, दुकानदारणी, कुणाकुणाच्या सासवा, सगळ्यांना तिने चौकाचौकांतून घाम फोडला आणि शेवटी रस्त्यावर सोडलं. शिकून गेलेल्या बाया अजूनही सांगतात, की सिग्नलला गाडी थांबली की कानात ताईचा आवाज येतो आणि डावा पाय आपोआप खाली जातो.

त्याआधी ती एका लाँड्री कंपनीची व्हॅन चालवायची. एक दिवस व्हॅनचे ब्रेक लागेनात. ताई म्हणाली, दुरुस्त झाल्याशिवाय मी गाडी काढणार नाही. मालक म्हणाला, काम नाकारलंस, माफीनामा लिहून दे, नाहीतर घरी बस. त्याने कोरा कागद पुढे सरकवला. ताईने पेन घेतलं, झोकात लिहिलं, "ब्रेक दुरुस्त करा", खाली सही केली, किल्ली त्यावर ठेवली आणि चालत घरी आली. आठवडाभरात नवऱ्याने पाटी रंगवून दिली आणि शाळा सुरू झाली. तेव्हापासून 'माफी' हा शब्द त्या घरात कुणी उगाच उच्चारत नाही. उच्चारायचाच असला तर नवराच उच्चारतो, तोही गंमत म्हणून.

नवरा पाटीवाला. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, रस्त्याकडेच्या पाट्या हाताने रंगवतो. माणूस शांत, बोटं कायम रंगलेली. "रस्ता बंद, गैरसोयीबद्दल क्षमस्व" अशा पाट्या त्याने आजवर किती लिहिल्या असतील याची गणती नाही. बायकोला चिडवायला तो म्हणतो, "घरात एकाने तरी माफी मागायला हवी ना! तुझ्या वाटणीची मी ठोक भावात मागून ठेवतो."

तर आता त्या गाडीचं.

निळी गाडी थकली होती. पण ताईने नवी घ्यायचं ठरवलं ते गुडघेबाईमुळे. गुडघेबाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका. आयुष्यभर फळ्यासमोर उभं राहून डावा गुडघा कामातून गेलेला. त्यांना गाडी शिकायची होती, कारण बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि दर भेटीला भाच्याला गळ घालावी लागायची. तीन दिवस त्यांनी क्लच दाबून पाहिला. चौथ्या दिवशी गाडीतून उतरल्या त्या दाराला धरूनच. डोळ्यांत पाणी, तोंडावर हसू. म्हणाल्या, "ताई, तुमचा क्लच आणि माझा गुडघा, दोघांचं जमत नाही हो. दोघांतला एक बदलता येत असेल तर बघा."

ताईने ते मनावर घेतलं. गुडघा बदलणं डॉक्टरचं काम, क्लच बदलणं आपलं! विजेच्या गाडीला क्लच नसतो, गियर नसतात, एवढं तिला ठाऊक होतं. बिनगियरच्या गाडीवर परीक्षा देता येते, हेही ती नोंदणी कार्यालयात विचारून आली. मग गेली शोरूममध्ये. विकणारा तरुण, टाय घातलेला, तोंडात खडीसाखर. त्याने तिला चालकाच्या सीटवर बसवलं आणि म्हणाला, "निघा ताई."

"निघा काय? आधी चालू तर कर!"

"चालू आहे ताई."

"कुठं चालू आहे? आवाज नाही, थरथर नाही. मला काय येडी समजतोस? बावीस वर्षं हेच करतेय मी."

"पाय ठेवून बघा ना जरा."

ताईने पाय ठेवला. गाडी लोण्यासारखी पुढे सरकली. आयुष्यात पहिल्यांदा गाडीत बसून ताईला ओरडायला काही सुचेना. शोरूमच्या अंगणात तिने तीन फेऱ्या मारल्या आणि चौथी मारताना ती चक्क गुणगुणत होती.

किंमत ऐकल्यावर गुणगुण थांबली. पण विकणाऱ्याने सरकारी योजना सांगितली. विजेच्या गाडीला खरेदीच्या वेळचा नोंदणी कर नाही. पुढची पाच वर्षं रस्ता करही नाही. कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात सवलत, ती वेगळीच. "सगळी करमाफी आहे ताई. फक्त या महिनाअखेरच्या आत अर्ज पडायला हवा, त्यानंतर योजना बंद. कर भरल्याचा किंवा सुटल्याचा कागद असल्याशिवाय नंबर मिळत नाही, आणि नंबराशिवाय गाडी रस्त्यावर काढता येत नाही, नुसती दारात उभी राहते. खिडकीवर जा आणि माफीचा फॉर्म मागा."

ताईने घरी येऊन हिशोब मांडला. कर सुटला तर गाडी आपली, नाही सुटला तर गाडी परत. मधला रस्ता नव्हता. तिने बयाणा दिला, निळी गाडी विकली, आणि गुडघेबाईंसह सहा जणींना सांगून टाकलं, पुढच्या सोमवारपासून वर्ग सुरू.

नोंदणी कार्यालयाची ती खिडकी ज्याने बांधली, तो गवंडी नक्कीच कुणावर तरी रागावलेला असणार. इतकी खाली, की उभ्या माणसाला कमरेत वाकल्याशिवाय आतलं तोंड दिसत नाही. आत बसणाऱ्या कारकुनाला लोक 'उद्याया' म्हणतात, कारण त्याचं निम्मं बोलणं "उद्या या" एवढंच असतं. माणूस वाईट नाही. एका खिडकीत तीन खिडक्यांचं काम करतो, आणि डबा उघडायला फुरसत मिळत नाही म्हणून केळं खात शिक्के मारतो.

"विजेच्या गाडीचा माफीचा फॉर्म द्या," ताई वाकून म्हणाली.

उद्यायाने मान वर न करता पिवळा कागद सरकवला. "भरा, सही करा, द्या."

ताई बाजूला झाली, चष्मा लावला आणि वाचू लागली. नाव, पत्ता, गाडीचा प्रकार, ठीक. मग आली ती ओळ: "माझ्या हातून घडलेल्या कसुरीबद्दल मी दिलगीर असून, ती उदार मनाने माफ करण्यात यावी, ही नम्र विनंती." खाली दोन रेघा मोकळ्या: "कसुरीचा तपशील."

ताईच्या डोक्यात तिडीक गेली. रांग मोडून ती पुन्हा खिडकीशी.

"अहो साहेब, कसली कसूर?"

"ती छापील भाषा असते बाई."

"छापील असो नाहीतर कोरीव. मी गाडी विकत घेतलीय, चोरलेली नाही. सरकार म्हणतं कर नको, मी म्हणते बरं. यात दिलगीर कोण आणि कशाबद्दल?"

"सगळे करतात सही."

"सगळ्यांनी कसूर केली असेल. मी नाही केली."

"मग खोडा ती ओळ."

"खोडते."

"खोडलेला फॉर्म चालत नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "ओ बाई, सही करा आणि गाडी चालवा की! तुमच्या तोऱ्यापायी आमची रांग अडलीय."

ताई वळून म्हणाली, "तोरा आहेच. फुकट मिळालेला नाही, बावीस वर्षं कमावलाय." आणि पिवळा कागद पर्समध्ये कोंबून निघाली. तो दिवस बुधवार. शेवटची तारीख शुक्रवार.

घरी तिने कागद टेबलावर आपटला. पाटीवाल्याने ब्रश बाजूला ठेवून तो दोनदा वाचला. पाट्या रंगवणारा माणूस, अक्षर न् अक्षर तोलून वाचतो.

"अक्षरं चांगली बसवलीत," तो म्हणाला.

"अहो, मजकूर बघा!"

"मजकूर बघितला. करून टाक सही. मी नाही का रोज क्षमस्व लिहीत? मला काही झालं का?"

"तुम्ही दुसऱ्याच्या वतीने लिहिता, त्याचे पैसे घेता. मी माझ्या वतीने लिहायचं, तेही न केलेल्या गोष्टीचं. जमायचं नाही."

"मग गाडी जाईल."

"माहितीय."

"आणि गुडघेबाई?"

नवऱ्याने नेमका ठणकत्या जागी हात ठेवला होता. संध्याकाळी गुडघेबाई आल्या, सोबत नर्स आणि शिंपीण. कुणी कसं कळवलं देव जाणे, पण तिघींना सगळं ठाऊक होतं. शिंपीण म्हणाली, "ताई, तुम्ही नका मागू. आम्ही सहा जणी मागतो की तुमच्या वतीने. माझी तर सवय आहे, रोज कुणाचा तरी ब्लाउज उशिरा देते." सगळ्या हसल्या. ताईही हसली. पण गुडघेबाई म्हणाल्या, "मला घाई नाही हो ताई. बहीण काही पळून जात नाही." ते 'घाई नाही' ताईला झोंबलं. आग्रह धरणारं कुणी असलं की नाही म्हणता येतं. असं समजूतदारपणे बोलणाऱ्याला काय म्हणायचं?

गुरुवारी सकाळी ताई पुन्हा कार्यालयात गेली. या खेपेला सही करायचीच, असं ठरवून. नाकावरचा राग गिळून तिने बाकावर बसून कागद भरायला घेतला. नाव झालं. पत्ता झाला. पेन 'कसुरीचा तपशील' वर येऊन थांबलं. आता इथे काय लिहायचं? खोटं बोलून माफी मागायची, तर खोटं काय ते तरी ठरवायला हवं! तिने शेजारी बघितलं. एक टॅक्सीवाला, मोठ्या मिशांचा, हातात त्याच पिवळ्या कागदाची नक्कल धरून बसला होता.

"दादा, तुम्ही या रेघेवर काय लिहिलंत?"

टॅक्सीवाला ओशाळला. "काय लिहिणार बाई? डोकं चालेना. मोकळं सोडलं तर घेत नाहीत." त्याने कागद पुढे केला. तिथे सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "गाडी धूर सोडत नाही."

ताईने ते दोनदा वाचलं. मग तिला असं हसू फुटलं की बाकावरची माणसं वळून बघू लागली. "कसूर! गाडी धूर सोडत नाही ही कसूर!"

"मग काय," टॅक्सीवाल्यालाही हसू आवरेना. "माझ्या मेव्हण्याने तर 'आवाज येत नाही' असं लिहिलंय. पलीकडच्या फुलवाल्या काकूंनी लिहिलंय, 'पुन्हा असं करणार नाही.'"

"आणि नंबर मिळाला?"

"कसला नंबर? सात आठवडे झाले. गाडी दारात ताडपत्रीखाली उभी आहे. रोज विचारायला येतो, चौकशी चालू आहे म्हणतात."

ताईचं हसू थांबलं. चौकशी? कर नाही तर चौकशी कशाची? तिने टॅक्सीवाल्याची नक्कल हातात घेतली, त्याच्या बाहीला धरून त्याला उठवलं आणि म्हणाली, "चला. वर."

"वर कुठं?"

"जिथं खिडकी नाही, दार आहे, तिथं."

वरच्या मजल्यावर अधिकारी बाई बसत. चष्म्याला साखळी, टेबलावर एकही कागद वाकडा नाही. ताईने दोन्ही पिवळे कागद त्यांच्यापुढे ठेवले, एक अर्धा भरलेला, एक धुराचा. बाईंनी धुराचा वाचला. त्यांचे ओठ थरथरले, मग खांदे हलायला लागले, आणि सरकारी शिस्त गुंडाळून त्या इतक्या हसल्या की चष्मा घसरून साखळीला लोंबकळू लागला.

"हा फॉर्म तुम्हाला कुणी दिला?" डोळे पुसत त्यांनी विचारलं.

"तुमच्याच खिडकीने."

"अहो, हा विजेच्या गाडीचा नाहीच! वर्षानुवर्षं कर थकवलेले लोक दंड माफ व्हावा म्हणून भरतात तो हा. दंडमाफीचा. हा भरला की नियमाप्रमाणे चौकशी लागते, कर का थकला त्याची."

"आणि ज्याने गाडी कालच घेतली, त्याचा कर थकलाच नसेल तर?"

"तर चौकशी संपतच नाही," अधिकारी बाई हळू आवाजात म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या.

"मूळ आदेश दाखवा," ताई म्हणाली.

त्यांनी कपाटातून फाइल काढली. ताईने बोट ठेवून वाचलं: "विजेवर चालणाऱ्या वाहनांस कर आकारण्यात येणार नाही." संपलं. पूर्ण आदेशात माफी हा शब्द कुठेही नव्हता. जो कर लागलाच नाही तो माफ कोण करणार? त्यासाठी अर्जही वेगळा होता, एकपानी, पांढरा. नाव 'शून्य कर नोंद'.

तिघं खाली आली. उद्यायाच्या पायाशी, खिडकीखालच्या कपाटात, पांढऱ्या अर्जांचा गठ्ठा सुतळीने बांधलेला तसाच पडला होता, गाठसुद्धा न सुटलेला.

"हा दिला का नाहीत?" अधिकारी बाईंनी विचारलं.

उद्याया गोरामोरा झाला. पण मग त्याचाही पारा चढला. "मॅडम, इतक्या महिन्यांत एका माणसाने मला शून्य कर नोंद मागितली असेल तर शपथ! शोरूमवाले शिकवून पाठवतात, माफीचा मागा. लोक येतात, माफीचा मागतात. माफीचा फॉर्म माझ्याकडे एकच आहे, पिवळा. लोक मागतात तेच मी देतो!"

ताईने कपाळावर हात मारला. कारण बुधवारी याच खिडकीशी वाकून तिने स्वतःच म्हटलं होतं, माफीचा फॉर्म द्या. न केलेल्या कसुरीची माफी मागणार नाही म्हणणारी बाई, आल्या आल्या आपल्याच तोंडाने माफी मागून बसली होती!

"साहेब," ती म्हणाली, "तुमचं बरोबर आहे. ही गोष्ट माझ्या नवऱ्याला सांगू नका, जन्मभर ऐकवेल."

उद्याया पहिल्यांदाच हसला. अधिकारी बाई घसा खाकरून म्हणाल्या, "कार्यालयाच्या वतीने मी तुमची..."

"नको नको," ताईने हात वर केला. "तो शब्द आज पुरे झाला. सुतळी कापा."

सुतळी कापली. ताईने पांढरा अर्ज भरला, सात ओळींचा, कसुरीला जागाच नसलेला. टॅक्सीवाल्यानेही भरला. उद्यायाने शिक्का मारला, आणि सवयीने म्हणाला, "उद्या या." मग जीभ चावून म्हणाला, "नाही, थांबा. आत्ताच घ्या."

सोमवारी वर्ग भरला. गाडीवर पाटीवाल्याने रंगवलेली नवी पाटी, मागे नर्स आणि शिंपीण, चालकाच्या सीटवर गुडघेबाई, डावीकडे ताई. तिच्या पायाखाली शिकवणारीचा वेगळा ब्रेक बसवलेला. गुडघेबाईंनी पाय ठेवला आणि गाडी निघाली. पहिल्या चौकात सिग्नल लाल झाला, आणि ताई सगळा जीव एकवटून ओरडली, "क्लच—!"

गुडघेबाईंनी शांतपणे ब्रेक लावला, गाडी थांबवली, मान वळवून विचारलं, "कुठं आहे हो ताई? मलाही दाखवा." मागच्या दोघी एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला तरी हसणं थांबेना. पाटीवाला हल्ली म्हणतो, तुझं नाव बदलून आता ब्रेकताई करूया, मोठ्या अक्षरांत रंगवून देतो. ताई म्हणते, रंगवून तर बघा.

गुडघेबाई तिसऱ्या आठवड्यात, ताईला शेजारी बसवून, स्वतः गाडी चालवत बहिणीकडे गेल्या. बहिणीने दार उघडलं आणि आधी त्यांच्या मागे भाच्याला शोधलं.

पण ताईचं काम अजून संपलेलं नाही. पिवळ्या गठ्ठ्यात विजेच्या गाड्यांचे एक्केचाळीस अर्ज निघाले. अधिकारी बाईंनी आदेश काढला, की त्या सगळ्यांची पहिलीच तारीख धरली जाईल, योजना बंद झाली तरी त्यांचा हक्क जाणार नाही. फक्त प्रत्येकाने स्वतः येऊन पांढरा अर्ज भरायचा, येत्या दोन महिन्यांत. पत्रं गेली, निम्मी परत आली. लोकांनी घरं बदललेली, फोन नंबर बदललेले, काहींनी तर निराश होऊन चौकशी करणंच सोडून दिलेलं. म्हणून ताईने शिकवणीचा मार्ग बदलला. आता मोठ्या रस्त्याऐवजी गल्लीबोळांतून धडे चालतात. गाडी चालवणारीने समोर बघायचं, मागच्या दोघींनी दोन्ही बाजूंची दारं बघायची. ताडपत्री दिसली की गाडी रस्त्याकडेला नीट लावायची, तो त्या दिवसाचा धडा, आणि उतरून दार वाजवायचं. फुलवाल्या काकूंना आणि मेव्हण्याला टॅक्सीवाल्यानेच आणलं, आणि अशा रीतीने एक दाढीवाला बेकरीवाला सापडला. त्याने तर कसुरीच्या रेघेवर "आई-वडिलांचं ऐकलं नाही" असं लिहिलं होतं. एक्केचाळीसपैकी एकोणतीस झाले. बारा राहिलेत.

सहा शिकाऊ बायका आणि एक गाडी, किती गल्ल्या फिरतील? तेव्हा तुम्हीच जरा नजर टाका. तुमच्या गल्लीत एखादी नवीकोरी गाडी, नंबराच्या जागी नुसता पत्रा, महिनोन्महिने ताडपत्रीखाली उभी असेल, तर लाजू नका, दार वाजवा. आणि आतून कुणी आलं की एवढंच सांगा: तुमचा अर्ज चुकीच्या गठ्ठ्यात पडलाय, उद्याच्या उद्या जा आणि खिडकीवर 'शून्य कर नोंद' मागा.